रॅम वाढवली, फॉरमॅट मारलं, तरी जुना कॉम्प्युटर पुन्हा अडकतोय? आधी हार्ड डिस्क तपासा

तक्रार साधारण अशी येते. विंडोज ७ किंवा १० चालवणारा जुना कॉम्प्युटर काम करता करता मध्येच थांबतो. माऊसचा बाण हलतो, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत नाही. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा एरवी लुकलुकतो, तो आता सलग पेटलेला असतो. अर्धं-पाऊण मिनिट असं जातं आणि मग सगळं एकदम सुटतं. वैतागून जिथे जिथे क्लिक केलं होतं ते सगळं एकामागोमाग लागू होतं, खिडक्या धडाधड उघडतात, आणि कॉम्प्युटर पुन्हा नीट चालू लागतो.

मग ठरलेले उपाय सुरू होतात. कोणी सांगतं रॅम कमी पडतेय, म्हणून रॅम वाढवली जाते. कोणी व्हर्च्युअल मेमरीचा आकडा वाढवून देतं. कोणी रॅम साफ करणारा प्रोग्रॅम टाकतं. डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) होतं, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन होतं आणि शेवटी फॉरमॅट. फॉरमॅटनंतर काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं.

असं पुन्हापुन्हा होत असेल, तर मेमरीची सेटिंग बाजूला ठेवा आणि आधी हार्ड डिस्ककडे बघा. अशा कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा डिस्क मरायला टेकलेली असते. वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक उपाय तिच्याकडून आणखी काम करून घेतो, म्हणजे तिचे उरलेले दिवस कमी करतो. कॉम्प्युटर दुसरा आणता येतो. मुलांचे फोटो, वर्षांचे हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध दुसरा आणता येत नाही. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे: आधी ओळख, मग डेटा, मग दुरुस्ती.

फॉरमॅटनंतर काही दिवस बरं का वाटतं

हा प्रश्न सुटला की बाकीचं आपोआप समजतं. डिस्कवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असते. एखादा सेक्टर वाचता येईना झाला, तर डिस्क लगेच 'जमत नाही' असं सांगत नाही. ती तोच सेक्टर पुन्हापुन्हा वाचून बघते. घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्क या खटपटीत कित्येक सेकंद घालवतात, कारण माहितीची दुसरी प्रत कुठे नसणार हे धरूनच त्या बनवलेल्या असतात. तेवढा वेळ विंडोज तिच्या उत्तराची वाट बघत बसतं. उत्तर नाही आलं तर तेही पुन्हा विचारतं. तुम्हाला दिसणारं अडकणं म्हणजे नेमकी ही वाट बघणं.

असा सेक्टर डिस्क आपल्या यादीत 'पेंडिंग' म्हणून टाकते. तो अजून बदललेला नसतो. त्या जागी काही नवं लिहायची वेळ आली तरच निकाल लागतो. लिहिणं जमलं तर सेक्टर पुन्हा वापरात येतो. नाही जमलं तर डिस्क तो कायमचा बंद करून त्याच्या जागी राखीव साठ्यातला सेक्टर लावते.

आता फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं की काय होतं बघा. बऱ्याच जागी नवीन लिहिलं जातं, तिथले पेंडिंग सेक्टर निकालात निघतात. विंडोजच्या फाइलीही वेगळ्या जागी जाऊन बसतात. त्यामुळे अडकणं थांबतं आणि सगळ्यांना वाटतं, विंडोजच बिघडलं होतं. पण वाचणारं हेड कमजोर झालेलं असेल किंवा तबकडीचा पृष्ठभाग खराब होत असेल, तर ते तसंच राहतं. नवे सेक्टर जाऊ लागतात आणि काही आठवड्यांनी तक्रार परत येते.

फॉरमॅट कोणता केला यानेही फरक पडतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) शून्यं लिहितो. एक्सपीचा पूर्ण फॉरमॅट खराब सेक्टर शोधायला फक्त वाचत जायचा. क्विक फॉरमॅट तर बहुतेक जागेला हातच लावत नाही. एकाला फॉरमॅटने महिनाभर आराम पडतो आणि दुसऱ्याला दोन दिवसही पडत नाही, याचं एक कारण हे आहे.

मेमरीवर संशय का जातो

संशय अगदीच बिनबुडाचा नसतो. विंडोज रॅममधला न लागणारा भाग डिस्कवरच्या पेजिंग फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये दिसते ती हीच फाइल. म्हणजे 'मेमरी' म्हणून जे दिसतं त्याचा एक भाग डिस्कवरच बसलेला असतो. पेजिंग फाइलच्या मधोमध खराब सेक्टर आला, तर लक्षणं मेमरीची दिसतात आणि दुखणं डिस्कचं असतं.

निळ्या स्क्रीनवर 'कर्नल डेटा इनपेज एरर', म्हणजे स्टॉप कोड ७ए, आला असेल तर नेमकं हेच घडलेलं असतं: पेजिंग फाइलमधून मागवलेलं पान (मेमरीचा तुकडा) वाचता आलं नाही. विंडोज ७ आणि त्याआधीच्या निळ्या स्क्रीनवर कोडपुढे कंसात चार आकडे असतात. त्यातला एरर स्टेटसचा आकडा सी०००००९सी असेल तर खराब सेक्टर, आणि सी००००१८५ असेल तर केबल किंवा कंट्रोलरकडे (डिस्कशी बोलणाऱ्या चिपकडे) बोट जातं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. तो एक फोटो पुढचं अर्धं निदान करून देतो.

रॅम खरोखर अपुरी असली तरीही कॉम्प्युटर रखडतो, आणि २ जीबीवर विंडोज १० चालवलं तर रखडणारच. पण दोन्हींतला फरक कान आणि डोळे उघडे ठेवले तर कळतो. रॅम अपुरी असते तेव्हा डिस्क सतत खरखरत असते, दिवा झपझप लुकलुकतो, आणि विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटर या प्रोग्रॅममध्ये दर सेकंदाला खूप डेटा इकडून तिकडे जाताना दिसतो. डिस्क आजारी असते तेव्हा दिवा सलग पेटलेला असतो, आवाज एक तर बंद असतो किंवा ठरावीक ठेक्यात तोच तो येतो, आणि डेटा जवळजवळ काहीच हलत नाही.

रॅमची काडी बिघडलेली असेल तर चित्र आणखी वेगळं असतं. कॉम्प्युटर वाट बघायला लावत नाही, चुका करतो. निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळा कोड येतो, झिप फाइल उघडताना खराब निघते, एखादं सॉफ्टवेअर टाकताना दर वेळी वेगळ्याच ठिकाणी फसतं.

तपासणी

पहिला थांबा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही. विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम उघडा आणि 'डिस्क' या नावाने आलेल्या नोंदी शोधा. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक. ५१ म्हणजे पेजिंग करताना चूक. ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, यात केबलही आली. विंडोज ८ पासून पुढे १५३ ही नोंद दिसते, म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीच्या) नावाने ५५ दिसली तर फाइल सिस्टिमची रचना बिघडली आहे. कॉम्प्युटर अडकला तेव्हाची वेळ आणि या नोंदींची वेळ जुळली, की शंका फारशी उरत नाही.

दुसरा थांबा रिसोर्स मॉनिटर, डिस्कचं पान. तिथे 'रिस्पॉन्स टाइम' हा रकाना मिलिसेकंदांत असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हेड सरकण्याचा वेळ धरून एक वाचन १२ ते १५ मिलिसेकंदांत व्हायला हवं. गर्दी असेल तेव्हा हा आकडा वाढतो, त्यात काही वावगं नाही. पण डेटाचा वेग शून्याच्या आसपास आणि रिस्पॉन्स टाइम ३००० असं दिसत असेल, तर एका छोट्या वाचनासाठी तबकडीने ३६० फेरे मारलेत. निरोगी डिस्क असं कधी करत नाही.

तिसरा थांबा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा, 'स्मार्ट'. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ही नोंद ठेवत असते. ती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरतो. उघडल्यावर त्याचे कच्चे आकडे सोळाच्या पायाच्या पद्धतीत दिसतात. मेनूतल्या प्रगत पर्यायांत जाऊन ते दशमान करून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं. मग एवढ्याच ओळी वाचा:

०५ म्हणजे कायमचे बदललेले सेक्टर.
सी५ म्हणजे पेंडिंग, वाचता न आलेले.
सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी करताना सापडलेले, दुरुस्त न होणारे.
सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका, बहुधा केबलमुळे.

शेवटचा रकाना, म्हणजे कच्चा आकडा, तोच बघायचा. ०५ मध्ये थोडे सेक्टर असून आकडा महिनोन्महिने जागचा हलत नसेल, तर डिस्कवर लक्ष ठेवून काम चालवता येतं. सी५ शून्याच्या वर असेल, किंवा ०५ आठवड्यागणिक चढत असेल, तर तिच्यावर एकही महत्त्वाची फाइल एकटी ठेवू नका. सी७ चा आकडा कधीच खाली येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो शून्य होण्याची वाट बघू नका. तो वाढायचा थांबला का, एवढंच बघा.

बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) किंवा विंडोजमध्ये 'स्मार्ट स्टेटस ओके' असं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत तो शेरा 'ओके'च राहतो आणि ती मर्यादा फार सैल असते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या स्मार्टमधल्या मुख्य चार आकड्यांत आधी काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे वाईट आकडा दिसला तर विश्वास ठेवा. चांगला दिसला तरी बॅकअप हवाच.

आधी डेटा

आकडे वाईट निघाले की चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवायची घाई होते. कृपा करून थांबा. स्लॅश आर हा पर्याय लावून चालवलेलं चेकडिस्क डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतं, म्हणजे जिथे ती अडखळते नेमकं तिथेच तिला तासन्तास राबवतं. शिवाय अर्धवट वाचल्या गेलेल्या फाइलींचे तुकडे करून फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि ते तुकडे मूळ फाइली म्हणून पुन्हा जुळवणं फार अवघड जातं. चेकडिस्क वाईट नाही. ते डेटाची प्रत काढल्यानंतर, आणि शक्यतो त्या प्रतीवर चालवायचं असतं.

दुसरी डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह लावा आणि सगळ्यांत आधी जे पुन्हा मिळणार नाही ते उचला: फोटो, कागदपत्रं, हिशेब, ईमेलच्या फाइली. सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी. साध्या कॉपी-पेस्टने सुरुवात केली तर एका खराब फाइलवर सगळं अडकून बसतं. त्यापेक्षा विंडोज व्हिस्टापासून आत असलेली, फाइली कॉपी करणारी रोबोकॉपी ही कमांड वापरा, पण तिची मूळ सेटिंग बदलून. न वाचता आलेली फाइल ती १० लाख वेळा पुन्हा मागते, आणि दर वेळी मध्ये ३० सेकंद थांबते. आजारी डिस्कसाठी ही सेटिंग जीवघेणी आहे. कमांडमध्ये स्लॅश आर आणि स्लॅश डब्ल्यू या दोन्हींपुढे कोलन देऊन १ लिहा, म्हणजे न जमलेली फाइल सोडून ती पुढे जाते.

विंडोज सुरूच होत नसेल, किंवा सगळीच डिस्क उचलायची असेल, तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमच्या) पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून जीएनयू डीडीरेस्क्यू हा आजारी डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरा. त्याचा मोठा गुण असा की पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागी अडून न बसता पुढे सरकतं. राहिलेल्या जागांची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. कमांड देताना त्या मॅप फाइलचं नाव न विसरता द्या, आणि अर्थातच दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे दोनदा तपासा. उलटं दिलं तर चांगला डेटा पुसला जाईल.

डिस्कमधून ठक-ठक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. वीज बंद करा. हेड तबकडीला घासत असेल तर चालू असलेला प्रत्येक मिनिट माहिती खरवडून काढतो. फ्रीझरमध्ये ठेवणं, झाकण उघडून बघणं, हलकेच ठोकणं हे सगळं सोडून द्या. डेटा मोलाचा असेल तर ती तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे जाऊ द्या.

डिस्कला दोष देण्यापूर्वी

डेटा सुरक्षित झाला की स्वस्त गोष्टी आधी बघून घ्या. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला, पॉवरची पिन दुसरी लावा. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) कमजोर झाला असेल तर चांगली डिस्कसुद्धा मध्येच फिरायची थांबते आणि पुन्हा सुरू होते, त्याचा आवाज हुबेहूब आजारी डिस्कसारखा येतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) वरून फुगलेले किंवा चिकट पाझरलेले दिसले तर मूळ दुखणं तिथे असू शकतं.

एक्सपी अजून चालवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आयडीई डिस्कवर (रुंद पट्टीच्या केबलने जोडलेल्या जुन्या डिस्कवर) टाइमआउट किंवा वाहतुकीच्या चुका सहादा झाल्या की एक्सपी वेग एक पायरी कमी करतं, आणि असं करत करत थेट पीआयओ या सगळ्यांत संथ मोडवर येतं. मग प्रत्येक वाचनासाठी प्रोसेसरच हमाली करतो आणि सगळा कॉम्प्युटर खडकावर गाडी ढकलल्यासारखा चालतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या प्रगत सेटिंगमध्ये चालू मोड बघा. तिथे पीआयओ लिहिलेलं असेल, तर आधी ८० तारांची नवी केबल लावा, मग तो चॅनेल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. केबल न बदलता हे केलंत तर तक्रार पुन्हा येईल.

आणि बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२. तारीख सारखी मागे जात असेल तर तो संपला आहे. सेल गेला की वीज बंद होताच बायोस मूळ सेटिंगवर जातो. त्यात साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलटा बदलला, तर विंडोज सुरू होताना ७बी कोडची निळी स्क्रीन येते, आणि लोक डिस्क गेली म्हणून मोकळे होतात. सेल बदलून मोड पूर्वीसारखा केला की सगळं जागेवर येतं.

मेमरीच्या सेटिंगबद्दल

व्हर्च्युअल मेमरी विंडोजलाच सांभाळू द्या आणि सी ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा ठेवा. ती पूर्ण बंद करू नका. रॅम साफ करणारे प्रोग्रॅम काढून टाका, कारण ते चालू प्रोग्रॅमची पानं रॅममधून ढकलून डिस्कवर पाठवतात आणि लगेच ती परत आणावी लागतात. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग प्रोग्रॅममधल्या बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी'ची चौकट असते. ती रॅम वाढवत नाही, मर्यादा घालते. कोणी तिथे खूण करून ठेवली असेल तर काढा.

३२ बिटचं विंडोज ४ जीबी रॅमपैकी साधारण ३ ते साडेतीन जीबीच वापरतं. बाकीचे पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांनी घेतलेले असतात, हा बिघाड नाही. ६४ बिट टाकूनही तेवढीच दिसत असेल तर बायोसमध्ये मेमरी रिमॅप (अडलेली रॅम वरच्या पत्त्यांवर हलवणारी सेटिंग) चालू आहे का बघा. काही जुन्या चिपसेटना ते जमतच नाही. विंडोज ७ स्टार्टर असेल तर २ जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया जाते.

नवी डिस्क लावताना

शक्य असेल तर एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) लावा. जुन्या कॉम्प्युटरला याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. विंडोज ७ पासून ट्रिम (पुसलेल्या जागेची एसएसडीला कल्पना देणं) आणि पार्टिशनची योग्य मांडणी दोन्ही आपोआप होतात. एक्सपीमध्ये ट्रिम नाही, आणि त्याने केलेलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असल्याने एसएसडीवर बेताल बसतं. जुनी डिस्क बॅकअपसाठी म्हणून ठेवू नका. नव्या डिस्कवर विंडोज स्वच्छ टाका, कारण खराब सेक्टरमधून उचललेल्या सिस्टिम फाइली अर्धवट असू शकतात.

आणि डिस्क निर्दोष निघाली तर

तेव्हा रॅमकडे वळा. विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक चालवा, एफ१ दाबून विस्तारित चाचणी निवडा आणि ती रात्रभर चालू द्या. निकाल इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडतो. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा वेगळा प्रोग्रॅम यापेक्षा कसून तपासतो, आणि त्यात एकही चूक आली तरी ती चूकच, 'एकच तर आहे' म्हणून सोडायची नाही. चूक आली तर वीज पूर्ण काढून काड्या बाहेर घ्या, सोनेरी दाते कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि एक एक काडी एकाच स्लॉटमध्ये लावून पुन्हा चाचणी घ्या. प्रत्येक काडी एका स्लॉटमध्ये पास आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये नापास होत असेल, तर काडी चांगली आहे, मदरबोर्डचा स्लॉट गेलेला आहे.